रोहिणी, प्राणवायू आणि परळचा एक प्रयोग

१

दिल्लीहून जयपूरकडे जाणारा महामार्ग गुडगाव मागे टाकून पुढे निघाला की अरवलीच्या बुटक्या टेकड्या दिसू लागतात आणि थोड्याच वेळात मानेसर येते. एका अंगास मोटारींचे कारखाने, दुसऱ्या अंगास कीकरीची काटेरी राने आणि मध्ये सरकारी व निमसरकारी संस्थांची आवारे, असा या गावाचा आजचा थाट आहे. सह्याद्रीची सवय असलेल्या डोळ्यांस या टेकड्या टेकड्या वाटत नाहीत. तरीही बदलीवर आलेली आम्ही चार मराठी माणसे पहाटे त्यांच्याच दिशेने फिरावयास निघतो. कारण पाय मोकळे करावयास दुसरी जागा नाही, आणि मराठी बोलावयास दुसरी वेळ नाही.

गेल्या हिवाळ्यात आमच्यातील एका स्नेह्यांच्या पायाने अडवणूक आरंभली. घरापासून मोजून तिसऱ्या दिव्याच्या खांबापाशी पोचले की त्यांच्या डाव्या पोटरीत गोळा यावयाचा. थांबले की दोन मिनिटांत तो विरून जाई. पुन्हा निघाले की तेवढ्याच अंतरावर पुन्हा येई. वय पंचावन्नच्या पुढे, तंबाखूचे व्यसन जुने, आणि बैठी नोकरी. तपासणीत असे निघाले की मांडीतून खाली जाणारी रोहिणी आतून दाटून अरुंद झाली आहे. (शरीरशास्त्राच्या पुस्तकात हल्ली 'धमनी' हा शब्द रूढ आहे, परंतु आम्ही शाळेत 'रोहिणी' व 'नीला' असे शिकलो, आणि ते शब्द सोडवत नाहीत.) डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तंबाखू सोडावयास लावली आणि वर एक विचित्र आज्ञा केली : दुखेपर्यंत चाला, दुखले की थांबा, थांबले की पुन्हा चाला.

"आता काय म्हणावे याला!" स्नेही उसळून म्हणाले. "ज्याने दुखते तेच औषध म्हणून घ्यावयाचे. हे कोणते शास्त्र?" त्यांच्या पुतण्याने कोठून तरी अशी बातमी आणली होती की पायात नव्या रक्तवाहिन्या उगवणारी इंजेक्शने निघाली आहेत. त्यासाठी भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम काढण्याचा अर्जही त्यांनी लिहून ठेवला होता. माझे मत विचारले, तेव्हा मी वैद्य नव्हे असे सांगून सुटका करून घेतली. परंतु प्रश्न मनातून जाईना. पुढे ग्रंथालयात बसून जे वाचले त्यातून दोनशेहून अधिक वर्षांचा एक इतिहास हाती आला, आणि त्या इतिहासाच्या मध्यावर परळचे एक रुग्णालय अचानक भेटले. तो इतिहास परमुलखातील आपल्या वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

२

चालताना येणाऱ्या आणि थांबल्यावर जाणाऱ्या या लंगडीचे पहिले चांगले वर्णन माणसाचे नव्हे, घोड्याचे आहे. १८३१ मध्ये बूले नावाच्या फ्रेंच पशुवैद्याने ते केले. विसाव्याला ठणठणीत असलेला घोडा थोडे धावताच मागचे पाय ओढू लागे, आणि उभा केला की पुन्हा सुधारे. पुढे १८५८ मध्ये शार्को यांनी हेच दुखणे माणसात ओळखले. कारण साधे आहे. विसावलेल्या स्नायूस प्राणवायू थोडा पुरतो. चालत्या स्नायूची मागणी कित्येक पटींनी वाढते. अरुंद रोहिणी पहिली गरज भागविते, दुसरी भागवू शकत नाही. पोटरीतील गोळा ही त्या न भागलेल्या मागणीची तक्रार होय.

परंतु वाट अडली तर शरीर नुसती तक्रारच करते काय? या प्रश्नाचे उत्तर शोधणारा मोठा माणूस म्हणजे लंडनचा जॉन हंटर. त्याच्याविषयी अशी कथा सांगतात की, रिचमंडच्या राजोद्यानात एका हरणाच्या मानेतील एका बाजूची रोहिणी त्याने बांधून टाकली. त्या बाजूचे वाढते शिंग प्रथम थंड पडले. पण काही दिवसांनी पाहतो तो ते पुन्हा उबदार झालेले! बांधलेली गाठ जशीच्या तशीच होती. रक्ताने मात्र बाजूच्या लहान वाहिन्यांतून वाट काढली होती. कथेतील तपशील कसाही असो, डिसेंबर १७८५ मध्ये हंटरने केलेली शस्त्रक्रिया इतिहासात नमूद आहे. एका गाडीवानाच्या गुडघ्यामागील रोहिणीस फुगवटा आला होता. अशा रोग्याचा पाय कापावा, असा त्या काळचा प्रघात. हंटरने पाय न कापता मांडीतील रोहिणी बांधली, आणि आडवाटांवर भरवसा ठेवला. पाय वाचला आणि गाडीवान पुन्हा आपल्या गाडीवर जाऊन बसला.

आडवाटा शरीरात असतात, आणि मुख्य वाट बंद झाली की त्या रुंदावतात, हे येथे सिद्ध झाले. त्या कोणाच्या हुकुमावरून रुंदावतात हे कळावयास मात्र आणखी दोनशे वर्षे जावी लागली.

३

पायाच्या बाबतीत जे हंटरने पाहिले तेच हृदयाच्या बाबतीत घडते काय, हा वाद विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालू होता. हृदयाच्या स्नायूस रक्त पुरविणाऱ्या हृद्रोहिणींना आपापसात जोडणाऱ्या वाटा नाहीतच, असे अनेक मोठे पंडित मानीत. १९५१ मध्ये बॉस्टनच्या पॉल झोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी हजाराहून अधिक मृत हृदयांतील रोहिणींत रंगीत द्रव भरून त्यांची पाहणी प्रसिद्ध केली. ज्यांच्या हृद्रोहिणी दाटल्या होत्या त्यांच्या हृदयांत जोडवाटा पुष्कळ सापडल्या, यात नवल नव्हते. नवल हे की, ज्यांच्या रोहिणी स्वच्छ होत्या पण ज्यांना दीर्घकाळ पंडुरोग होता, अशांच्या हृदयांतही त्या सापडल्या. वाट अडलेली नाही, रक्तच निकस झाले आहे, तरीही आडवाटा! यावरून संशयाचा काटा प्राणवायूच्या उणिवेकडे वळला. वाहिन्या घडवून घेणारी हाक ही उणीवच देत असली पाहिजे.

मग शस्त्रवैद्यांच्या मनात विचार आला : ही हाक आपणच का देऊ नये? क्लॉड बेक यांनी हृदयाचे आवरण खरवडून त्यावर दाह उत्पन्न केला, म्हणजे भोवतालच्या वाहिन्या आत शिरतील. कॅनडाच्या आर्थर व्हाइनबर्ग यांनी छातीच्या आतील रोहिणी सोडवून तिचे उघडे तोंड थेट हृदयाच्या स्नायूत पुरले. १९५० मध्ये हे त्यांनी प्रथम माणसावर केले. आणखी काहींनी तर छातीतील तीच रोहिणी नुसती बांधून टाकली, म्हणजे रक्त हृदयाकडे वळेल. या शेवटच्या शस्त्रक्रियेने रोग्यांना फार आराम पडतो अशी ख्याती झाली. तेव्हा १९५९ मध्ये सिअॅटलच्या काही चिकित्सकांनी एक धाडसी परीक्षा घेतली. निम्म्या रोग्यांची रोहिणी बांधली, निम्म्यांच्या कातडीस केवळ छेद देऊन तो शिवून टाकला, आणि कोणास काय केले हे रोग्यांस सांगितले नाही. आराम दोघांनाही सारखाच पडला! त्या शस्त्रक्रियेचे दिवस तेथेच संपले. हा प्रसंग वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याची आठवण पुन्हा होणार आहे.

४

याच सुमारास परळला, १९२६ मध्ये सुरू झालेल्या के. ई. एम. रुग्णालयात, प्रफुल्लकुमार सेन हे शस्त्रवैद्य काम करीत होते. जन्माने बंगाली, कर्माने परळचे. गिरणगावातील रुग्णांनी गजबजलेले महापालिकेचे हे इस्पितळ आणि त्याला जोडलेले सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय. साधने तुटपुंजी, पण उमेद दांडगी. सेनांच्या भोवती जी मंडळी जमली त्यांत गुरुकुमार पारुळकर, तेहेम्टन उडवाडिया आणि विकृतिशास्त्रज्ञ एस. जी. किनरे ही नावे ठळक होती.

सेनांना वाट सापडली ती सर्पाच्या हृदयात. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाची भिंत बरीचशी स्पंजासारखी असते. आपल्याप्रमाणे बाहेरच्या रोहिणींवर ती सर्वस्वी अवलंबून नसते. हृदयाच्या पोकळीतील रक्तच भिंतीच्या फटीफटींतून झिरपून तिचे पोषण करते. माणसाच्याही हृदयात पोकळी आणि स्नायू यांना जोडणारे सूक्ष्म मार्ग आहेत, असे १९३३ मध्ये वर्न यांनी दाखविले होते. सेनांचा तर्क असा : रोहिणी बंद पडली तरी प्राणवायूने भरलेले रक्त दोन बोटांवरच्या पोकळीत खळाळते आहेच. भिंतीला बारीक भोके पाडली तर ते स्नायूपर्यंत का पोचू नये?

कुत्र्यांच्या हृदयावर प्रयोग झाला. पुढील हृद्रोहिणी बांधली आणि तिच्या पोषणाखालील भिंतीत सुईने आरपार अनेक छिद्रे केली. छिद्रांची बाहेरची तोंडे दाबून धरताच गोठलेल्या रक्ताने मिटत. आतली मोकळी राहत. ज्यांना छिद्रे पाडली नव्हती त्यांच्या मानाने छिद्रे पाडलेली कुत्री अधिक जगली, आणि त्यांच्या स्नायूची हानी कमी झाली. सेन, उडवाडिया, किनरे व पारुळकर यांच्या नावे हा निबंध १९६५ मध्ये अमेरिकेतील वक्षशस्त्रक्रियेच्या प्रमुख नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हृदयाच्या भिंतीचे सूचीवेधन, असा त्याच्या शीर्षकाचा आशय होता. १९६८ मध्ये त्यांनी पुढील प्रयोगांचाही वृत्तान्त दिला.

त्याच वर्षी, फेब्रुवारी १९६८ मध्ये, सेनांनी परळला मानवी हृदयाचे रोपण केले. दक्षिण आफ्रिकेत बर्नार्डने केलेल्या पहिल्या रोपणास तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. रुग्ण सुमारे तीन तास जगला. वृत्तपत्रांनी लक्षात ठेवले ते हे रोपण. सुईचा प्रयोग विस्मरणात गेला. त्याला कारणही झाले. १९६७ मध्ये क्लीव्हलंड येथे फाव्हालोरो यांनी पायातील नीलेचा तुकडा घेऊन दाटलेल्या हृद्रोहिणीस सरळ वळसा घालून दाखविला. पूल बांधता येत असताना भिंतीला भोके कोण पाडील? १९८२ मध्ये सेन निवर्तले तेव्हा त्यांच्या सुईची आठवण मोजक्या जाणकारांनाच होती.

५

परंतु परळच्या मंडळींनी दुसरेही एक काम केले, आणि आमच्या स्नेह्यांच्या प्रश्नास ते अधिक जवळचे आहे. हिंदुस्थानातील इस्पितळांत त्या काळी एक चमत्कारिक व्याधी वारंवार दिसे. बहुधा तरुण स्त्री. मनगटास नाडी लागत नाही, किंवा एका हातास लागते व दुसऱ्यास लागत नाही. रक्तदाब मात्र वाढलेला. महारोहिणी व तिच्या शाखांची भिंत दाहाने जाड होऊन आतील मार्ग हळूहळू मिटत जातो. १९६३ मध्ये सेन, किनरे, पारुळकर व त्यांचे सहकारी यांनी महारोहिणीच्या मधल्या भागातील अशा अरुंदपणाचे विवेचन ब्रिटनमधील हृदयरोगाच्या नियतकालिकात केले. पुढे या व्याधीवर परळहून ग्रंथही झाला.

या रोगास जपानी नेत्रवैद्य ताकायासु यांचे नाव आहे. १९०८ मध्ये त्यांनी एका तरुणीच्या डोळ्याच्या आत डोकावून पाहिले, तो दृक्‌पटलावर रक्तवाहिन्यांची एक माळ गुंफलेली! तिचा अर्थ आज लागतो. मानेतील रोहिणी मिटत चालल्या होत्या, डोळ्यास प्राणवायू कमी पडत होता, आणि उपाशी पटलाने मिळेल तेथून वाहिन्या विणावयास घेतल्या होत्या. डोळ्यात दिसलेली ती माळ म्हणजे प्राणवायूच्या हाकेचे साक्षात लेखन होते.

या रुग्णांकडे पाहताना एक गोष्ट मनावर ठसते. ज्या रोहिणी एकाएकी बंद झाल्या तर हात सडावा किंवा माणूस दगावावा, त्याच रोहिणी वर्षानुवर्षे हळूहळू मिटल्या तर माणूस कामधाम करीत राहतो. फरक अवधीचा आहे. आडवाट घडावयास दिवस, आठवडे, महिने लागतात. ज्या अवयवास तेवढी वाट पाहता येते तो तरतो. या आमच्या मानेसरातच राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी डिसेंबर २००३ मध्ये ते राष्ट्रास अर्पण केले. तेथील फाटकावरून जाताना नेहमी मनात येते, की शरीराच्या वजनाचा अवघा पन्नासावा हिस्सा असलेला मेंदू विसाव्याच्या वेळी शरीरातील एकपंचमांश प्राणवायू एकटा खातो. म्हणून मेंदूची रोहिणी एकाएकी तुंबली तर त्यास मिनिटांचाच अवधी. पोटरी गरीब आहे. ती थांबू शकते. तिचे भाग्य तेवढेच, पण तेवढे पुरेसे आहे.

६

आता हाक देते कोण, याकडे वळू. १९८९ मध्ये फेरारा यांनी रक्तवाहिन्यांची वाढ घडविणारे एक प्रथिन वेगळे काढले, आणि १९९२ मध्ये असे दिसले की प्राणवायू कमी पडताच पेशी ते अधिक बनवितात. त्याच वर्षी बाल्टिमोरचे ग्रेग सेमेन्झा व त्यांचे सहकारी वांग यांना, रक्तपेशी वाढविणाऱ्या दुसऱ्या एका द्रव्याचा अभ्यास करताना, या साऱ्या हालचालींच्या मुळाशी असलेले प्रथिन सापडले. त्यास आपण 'उणीवदर्शी प्रथिन' म्हणू. त्याचे काम कसे चालते हे ऑक्सफर्डचे पीटर रॅटक्लिफ आणि बॉस्टनचे विल्यम केलिन यांनी २००१ मध्ये उलगडले. या तिघांस २०१९ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

यंत्रणा मोठी मौजेची आहे, आणि कचेरीत आयुष्य गेलेल्या वाचकांस ती चटकन उमगेल. प्रत्येक पेशीत 'प्राणवायू संपत आला' असा तातडीचा खलिता सदासर्वकाळ लिहिला जात असतो. पण तो लिहिताच एक कारकून त्यावर 'रद्द' असा शिक्का मारतो, आणि शिक्का पाहताच शिपाई तो फाडून टाकतो. हे अखंड चालते. मेख अशी की शिक्क्याची शाई म्हणजे प्राणवायूच. प्राणवायू कमी पडला की शाई संपते; शाई संपली की खलिता फाडला जात नाही; न फाडलेला खलिता थेट वरिष्ठांकडे, म्हणजे पेशीच्या केंद्राकडे, पोचतो. तेथे शेकडो जनुके जागी होतात. कोणी रक्तवाहिन्या वाढवावयास लागते, कोणी रक्तपेशी, कोणी कमी प्राणवायूत काम चालविण्याची तजवीज करते. एरवी उधळपट्टी वाटावी अशी ही रोजची लिहिण्या-फाडण्याची रीत यासाठीच आहे, की संकट आल्यावर खलिता लिहावयास वेळ जाऊ नये.

मात्र याला एक पुरवणी जोडली पाहिजे. जर्मनीत बाट नाउहाइम येथे वोल्फगांग शापर यांनी अनेक वर्षे दाखवून दिले, की केसासारख्या सूक्ष्म वाहिन्या प्राणवायूच्या हाकेने वाढतात हे खरे. पण हंटरच्या हरणात जी मोठी आडवाट रुंदावली तिला मुख्यतः वाहत्या रक्ताचा रेटा रुंदावतो. अडथळ्याच्या अलीकडे दाब जास्त, पलीकडे कमी; म्हणून जुन्या जोडवाटांतून रक्त जोराने धावू लागते, आणि त्या घर्षणाने त्यांच्या भिंती वाढतात. तेव्हा गल्ल्या विणणारी हाक एक, आणि हमरस्ता रुंदावणारा रेटा दुसरा. हा भेद पुढे फार महाग पडला.

७

खलिता कसा पोचतो हे कळताच तो आपणच खोटा पाठवावा, अशी आशा उत्पन्न झाली. १९९६ मध्ये बॉस्टनच्या जेफ्री इस्नर यांनी वाहिन्या वाढविणाऱ्या प्रथिनाचे जनुक एका रुग्णाच्या पायात सोडले, आणि नव्या वाहिन्या दिसल्याचे जाहीर केले. जगभर गाजावाजा झाला. आमच्या स्नेह्यांच्या पुतण्याने आणलेली बातमी म्हणजे याच गाजावाजाचे दूरचे पडसाद होत. पण पुढे २००३ मध्ये हृदयरोग्यांवर हेच प्रथिन वापरून नीट तुलना झाली, तेव्हा औषध घेणारे सुधारले आणि नुसते लटके औषध घेणारेही जवळजवळ तेवढेच सुधारले. २०११ मध्ये तर खुद्द उणीवदर्शी प्रथिनाचे जनुक, चालताना पोटरी दुखणाऱ्या २८९ रुग्णांच्या संबंधात तपासले गेले. निकाल तोच : चालण्यात काही फरक पडला नाही. याचे एक कारण वर आलेच आहे. गल्ल्या वाढल्या तरी हमरस्ता रुंदावल्यावाचून रक्त येणार कोठून?

परळच्या सुईचाही पुनर्जन्म झाला. १९८० नंतर अमेरिकेत मिल्वॉकी येथील मीरहुसैनी यांनी सुईच्या जागी लेसरचा किरण घेतला, १९९८ मध्ये तेथे त्यास सरकारी मान्यता मिळाली, आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनांत छातीच्या वेदना औषधांपेक्षा अधिक शमल्या. पण मृत हृदये तपासली तेव्हा पाडलेली छिद्रे मिटून गेलेली आढळली! सर्पाच्या हृदयावरून काढलेला तर्क माणसात टिकला नव्हता. मग वेदना का शमल्या? जखमेभोवती वाढलेल्या सूक्ष्म वाहिन्यांमुळे, असे काही म्हणाले. वेदनेचे मज्जातंतू जळाल्यामुळे, असे काही. आणि केवळ विश्वासामुळे, असे उरलेले. २००५ मध्ये सुमारे तीनशे रुग्णांवर, नळीवाटे आतून छिद्रे पाडण्याच्या पद्धतीची, लटक्या क्रियेशी तुलना झाली. आराम दोघांनाही सारखाच. १९५९ ची सिअॅटलची शिवलेली कातडी पुन्हा आठवली.

म्हणून सेनांचे काम वाया गेले, असे मी म्हणणार नाही. त्यांनी अनुमान बांधले, प्रयोग केला, जे दिसले ते सर्वांस तपासता येईल अशा रीतीने लिहून ठेवले. ते लिहिले होते म्हणूनच पुढच्यांना त्याची परीक्षा करता आली. चुकीचा ठरलेला प्रामाणिक वृत्तान्त, न तपासलेल्या यशाच्या बातमीहून शास्त्रास अधिक उपयोगी पडतो. कचेरीतील टिपणांविषयीही मला हेच म्हणावेसे वाटते.

आणि या हाकेची काळी बाजूही आहे. मोठ्या रोहिणीची भिंत स्वतः जिवंत असते. तिला बाहेरून स्वतःच्या सूक्ष्म वाहिन्या असतात. आत मेदाचा लेप साचून भिंत जाडावली की लेपाच्या गाभ्यास प्राणवायू पोचेनासा होतो. तेथील पेशीही खलिता पाठवितात, आणि बाहेरून नव्या वाहिन्या आत शिरतात. त्या कच्च्या असतात, झिरपतात, फुटतात. लेपात रक्तस्राव होतो, लेप फुगतो, प्रसंगी फाटतो, आणि त्यावर गुठळी जमून रोहिणी एकाएकी बंद पडते. लेपातील या वाहिन्या १९३८ मध्येच विंटरनिट्झ यांनी दाखविल्या होत्या. म्हणजे पोटरीत जी हाक तारक, तीच रोहिणीच्या भिंतीत मारक. खलित्यावरील शिक्का रोखणारी औषधे आज मूत्रपिंडाच्या रोग्यांच्या पंडुरोगावर वापरली जातात. आपल्या देशातही असे एक औषध २०२२ मध्ये मान्य झाले. पण याच जातीच्या औषधाला परवाना देताना अमेरिकेत रक्ताच्या गुठळ्यांविषयी ठळक इशारा छापावा लागला. साऱ्या शरीरभर एकच हाक देणे धोक्याचे आहे, असाच याचा अर्थ.

८

मग उरले काय? १९६६ मध्ये, म्हणजे परळच्या निबंधाच्या दुसऱ्याच वर्षी, डेन्मार्कच्या लार्सन व लासन यांनी एक लहानसा निबंध प्रसिद्ध केला. पोटरी दुखणाऱ्या रुग्णांपैकी काहींना त्यांनी रोज चालावयास लावले, काहींना लावले नाही. चालणाऱ्यांचे वेदनेवाचून कापावयाचे अंतर वाढले. पुढील साठ वर्षांत ही गोष्ट अनेकांनी तपासली, आणि ती टिकली. जनुकांची इंजेक्शने आली आणि ओसरली, चालणे राहिले.

ते का उपयोगी पडते याचे उत्तर या साऱ्या इतिहासात आहे. दुखेपर्यंत चालण्यात स्नायूला उणीव भासते आणि तो हाक देतो. थांबण्यात ती उणीव भरून निघते. हाक त्याच जागी उठते जेथे तिची गरज आहे, आणि काम झाले की मिटते. चालताना जोडवाटांतून रक्ताचा रेटाही वाढतो. रक्तपुरवठ्यात भर फार मोठी पडते असे नव्हे. बराचसा लाभ, स्नायू आहे त्या प्राणवायूत अधिक काम करावयास शिकतो, याचाच असतो. तंबाखू सोडण्याचे मर्मही येथेच आहे. धुरातील विषारी वायू रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो, आणि तंबाखू कोणत्याही रूपात घेतली तरी तिच्यातील द्रव्ये वाहिन्या आवळतात. ज्या घरात आधीच टंचाई आहे तेथे चोरास आश्रय द्यावयाचा नसतो. अर्थात हे चालणेही वैद्याच्या सल्ल्यानेच हवे. विसाव्यालाही पाय दुखू लागला, बोटे काळवंडली, किंवा दुखणे छातीचे असले, तर ती निराळी गोष्ट आहे, आणि तेथे क्षणाचाही विलंब करू नये.

हे सारे मी स्नेह्यांना चार-पाच सकाळी तुकड्यातुकड्यांनी सांगितले. खलित्याची गोष्ट त्यांना फार आवडली. सेनांची कुत्री आवडली नाहीत. "माणूस मोठा, पण मुकी जनावरे ती," एवढेच म्हणाले. निधीचा अर्ज त्यांनी फाडला असे सांगतात. मी काही पाहिलेला नाही. तंबाखूची डबी मात्र खिशातून गेली आहे. आता ते चौथा खांब ओलांडून पाचव्यापर्यंत जातात. तेथे थांबतात, तेव्हा आम्ही तिघेही थांबतो. धुक्यातून अरवलीची कड हळूहळू उजळत असते. दोन मिनिटे कोणी काही बोलत नाही. मग ते पाय झटकतात, "चला," म्हणतात, आणि आम्ही निघतो.